पाचपरतावणापर्यंत

लग्नसराईत कोल्हापूर-सांगली रस्त्यानं सकाळी लवकर गेलं, की मंगल कार्यालयांच्या मागच्या अंगाला एक ढीग दिसतो. खरकट्या पत्रावळ्या, पाण्याच्या बाटल्या आणि त्यावर फेकलेले बुके. जरबेरा, गुलाब, कार्नेशन, वर चकचकीत कागद, त्याला रिबिन. आदल्या संध्याकाळी कुणीतरी पैसे मोजून घेतलेला तो बुके स्टेजवर अर्धा मिनिट नवरा-नवरीच्या हातात असतो. फोटो निघतो, बुके मागं उभ्या असलेल्या करवल्याच्या हातात जातो, तिथनं खुर्चीवर, आणि खुर्चीवरनं ढिगात. त्यातलं फूल काही मेलेलं नसतं. नीट पाणी मिळालं तर जरबेरा आठवडाभर आरामात उभा राहतो. हे मी ऐकीव सांगत नाही. दहा गुंठ्यांचं पॉलिहाऊस घालून मी बारा वर्षं जरबेरा काढलाय.

आमच्या घरात लग्नाचं फूल एका दिवसाचं नसायचं. ते पाचपरतावणापर्यंत टिकवायचं असायचं. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो : लग्न लागून नवरी सासरी गेली, की पाचव्या दिवशी जोडी माहेरी परत येते, ते पाचपरतावण. आता सगळं दोन दिवसांत उरकतात. तेव्हा हळदीच्या आदल्या रात्रीपासून धरलं तर फुलांना सहा-सात दिवस काम असायचं. देवकाला फुलं, हळदीला फुलं, नवरा-नवरीचे हार, मुंडावळ्या, करवल्यांचे गजरे, विहिणींच्या वेण्या, वरातीच्या बैलगाडीला माळा आणि शेवटी जोडी परत आली की ओवाळताना तिच्या केसात माळायला एक वेणी. ही शेवटची वेणी लग्नाच्या फुलांतलीच पाहिजे, अशी आमच्या घरची समजूत. शास्त्र-पुराणात कुठं असेल असं मला वाटत नाही. कुणा पणजीनं फुलांचे पैसे वाचवायला काढलेली रीत असणार.

आणि ही फुलं टिकवायचं काम आमच्या आत्तीचं. माझ्या वडलांची थोरली बहीण.

आमचं गाव शिरोळ तालुक्यात, पंचगंगेच्या काठाला, नृसिंहवाडीच्या अलीकडं. काळी जमीन, ऊस, आणि मे महिन्यात अंगाची काहिली. अशा उन्हात, फ्रिज तर सोडाच, गावात वीजही धड नसताना आत्ती फुलं टिकवायची. तिची सगळी हत्यारं घरातलीच : एक मोठा डेरा, नदीची वाळू, दोन गोणपाटं, जुन्या धोतराच्या चिंध्या, केळीची पानं आणि विहीर.

डेऱ्याच्या तळाशी ती वीतभर वाळू घालायची, ती भिजवायची, त्यावर लहान मडकं बसवायची आणि दोन्हींच्या मधल्या फटीत पुन्हा ओली वाळू. आतल्या मडक्यात केळीचं पान, पानावर फुलांचा एक थर, त्यावर ओलं करून घट्ट पिळलेलं धोतर, पुन्हा थर. डेऱ्याला बाहेरनं भिजवलेलं गोणपाट. डेरा माजघरात नाही ठेवायचा, तर न्हाणीच्या मागं, जिथं वारं खेळतं आणि ऊन येत नाही अशा बोळात. दिवसातनं तीन वेळा गोणपाटावर पाणी. मात्र फुलावर एक थेंब नाही. लहानपणी आम्ही पोरं मदत म्हणून तांब्यानं पाणी शिंपडायला जायचो, तेव्हा ती हात धरायची.

"फुलाला पाणी पाजायचं असतंय रं, न्हाऊ घालायचं नसतंय. न्हालेलं फूल उद्या काळं."

फुलं तोडायची वेळ तिनं ठरवलेली. दवाचं पाणी पाकळीवरनं उडालं पाहिजे, पण ऊन चढायला नको. म्हणजे उन्हाळ्यात जेमतेम तासाभराचा वेळ. मोगरा कळीच तोडायची, मिटलेली पण भरलेली. निशिगंध खालची दोन फुलं उमलली की. अबोलीचं तिला काही वाटत नसे. "ती काय मरतीया, वास न्हाई म्हणून आयुष्य जास्त," म्हणायची. अबोली खरंच चिवट. गुंफलेली अबोली दोन-तीन दिवस रंग सोडत नाही, म्हणून तर बायकांना ती लग्नात लागतेच.

आणि सगळ्यांत मोठा नियम : गुंफायचं शेवटी. सुट्टं फूल टिकतं, गुंफलेलं सुकतं. दोऱ्यानं देठ आवळला की तिथनं फूल नासायला लागतं. म्हणून ती लग्नाच्या आदल्या रात्री, सगळ्यांची जेवणं झाली, की कंदील घेऊन बसायची. सुताचा दोरा तिला चालायचा नाही. केळीचं सोपट वाळवून ठेवलेलं असे. ते भिजवून त्याच्या बारीक चिरा काढायच्या आणि त्यात फुलं बांधायची. सोपट आतनं ओलं राहतं आणि देठाला चिरत नाही. पहाटे कोंबडा आरवेपर्यंत तिच्यापुढं हारांचं भेंडोळं तयार असायचं.

रोज सकाळी डेरा उघडून फुलं निवडायची, डाग पडलेलं एकेक बाजूला काढायचं. ह्या कामात ती दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही, आणि ह्याला एक कारण होतं. लग्नघरात प्रत्येक बाईचा हात कशानं ना कशानं माखलेला असतो. कुणाचा तेलानं, कुणाचा हळदीनं, कुणाचा गुळानं. मोगऱ्याला तेलाचं बोट लागलं की संध्याकाळपर्यंत तिथं तपकिरी डाग. अख्ख्या घरात एकच हात कोरडा आणि स्वच्छ असायचा, तो आत्तीचा. कारण हळदीच्या परातीला, तेलाच्या वाटीला, ओटीच्या तांदळाला हात लावायची तिला मुभाच नव्हती.

आत्ती चोविसाव्या वर्षी विधवा झाली. विहिरीचं काम चाललं होतं, दरड कोसळली. मूलबाळ नव्हतं. तेराव्यानंतर आजोबा तिला बैलगाडीतनं घेऊन आले, ती कायमचीच. मी तेव्हा चार वर्षांचा. तिचं कपाळ मला मोकळंच आठवतं. आमच्याच करवीर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा केला होता, हे मी पुढं शाळेत शिकलो. पण लग्नाचा कायदा करता येतो, गजऱ्याचा कसा करणार? ती लग्नघरात सगळं करायची, फक्त मांडवाच्या पुढच्या बाजूला यायची नाही. तिला कुणी ये म्हणायचं नाही आणि कुणी येऊ नको असंही म्हणायचं नाही. ते सगळ्यांना माहीत होतं, एवढंच.

वेणी करायची म्हणजे तिला बाक असावा लागतो, नाहीतर अंबाड्यावर बसत नाही. इतर बायका वेणी गुंफून झाली की आपल्या डोक्याला लावून बघतात. आत्तीनं एक बारक्या गळ्याचं मडकं त्यासाठी ठेवलं होतं. त्यात पाणी भरायचं, आणि गुंफलेली वेणी त्याच्या गळ्याभोवती बसवायची. पाझरणाऱ्या मडक्याचा गारवा वेणीला आतनं मिळायचा, बाकही राहायचा. वरनं ओला कपडा. पाचपरतावणाची वेणी ह्या मडक्यावरच दिवस काढायची. हळदीला जमलेल्या बायका ते बघून हसायच्या.

"आत्तीचं मडकं तेवढं सवाशीण हाय बघा."

आत्तीही हसायची. मला त्या हसण्याचं तेव्हा काही वाटलं नाही. आता लिहिताना हात थांबतो.

माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न १९८३ च्या मे महिन्यात ठरलं. नवरा फौजेत. आमच्या भागात ह्याचं नवल नाही. सैनिक टाकळी हे गाव तर नावातच सांगतं, आणि स्थळ त्याच बाजूचं होतं. लग्नाला दोन दिवस असताना मिरजेच्या बाजारातनं फुलं आली. दोन बुट्ट्या मोगरा, बुट्टीभर निशिगंध, गुलाब, अबोली. त्याच दिवशी दुपारी नवऱ्याकडचा माणूस सायकल मारत आला. तार आली होती : रजा मंजूर, पण गाडीत बसायला तीन दिवस उशीर. जोशीबुवांनी पंचांग काढून तीन दिवसांनंतरचा मुहूर्त दिला. मांडव राहील, धान्य राहील, आचारी थांबेल. फुलांचं काय?

आण्णा, म्हणजे माझे वडील, बोळाच्या तोंडाशी येऊन उभे राहिले. त्या वर्षी ऊस कमी वजनात गेला होता, लग्नाचे पैसे सोसायटीतनं उचललेले. पुन्हा फुलं आणायची म्हणजे आणायचीच, पण कशातनं, हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. आत्तीनं बुट्टीतला मोगरा मुठीनं उचलून हुंगला नाही, नुसता दाबून बघितला.

"मोगरा जाईल," म्हणाली. "बाकीचं माझ्यावर सोड."

मोगऱ्याचं तिनं खरं सांगितलं. उमललेला मोगरा मे महिन्यात चार दिवस ठेवणारा माणूस अजून जन्मायचाय. तो तिनं तसाच खपवला, देवाला, पाहुण्यांच्या पोरींना. पण परड्यातल्या आमच्या स्वतःच्या चार मोगऱ्यांना त्या क्षणापासून कुणी हात लावायचा नाही, असा हुकूम निघाला. त्या झाडांना तिनं घागरीनं पाणी घातलं आणि कळ्या झाडावरच राहू दिल्या. झाडासारखा डेरा नाही, असं तिचं म्हणणं. निशिगंधाच्या उमललेल्या कळ्या वेगळ्या, मिटलेल्या वेगळ्या. मिटलेल्या डेऱ्यात. गुलाब आणि अबोली दोन बुट्ट्यांत, केळीच्या पानात गुंडाळून विहिरीत. आमच्या विहिरीला पाण्याच्या वर दोन हातांवर एक कोनाडा होता. पोहताना आम्ही त्यात कपडे ठेवायचो. मे महिन्यातही तिथं हात घातला की थंडगार लागायचं. बुट्ट्या दोरानं सोडायच्या, सकाळी वर घ्यायच्या, निवडायच्या, परत सोडायच्या. ते सोडण्या-ओढण्याचं काम माझं. सतरा वर्षांचा होतो, अंगात रग होती, पण त्या चार दिवसांत जेवढ्या हळू हातानं मी दोर सोडला तेवढा पुन्हा कधी नाही.

एक गोष्ट तेव्हा कळली नव्हती. घरात सगळ्यांत गार खोली म्हणजे आंब्याची. पेंढ्यात अढी घातलेली, खिडक्या बंद, अंधार. आईनं सुचवलं, एक बुट्टी तिथं ठेवू. आत्ती ठाम नाही म्हणाली.

"आंब्यापाशी फूल म्हातारं हुतंय."

लग्नाच्या आदल्या रात्री तिनं डेरा उघडला. मी कंदील धरला होता. निशिगंध पांढराशुभ्र, टोकाला तोच गुलाबी झाक असलेला हिरवेपणा. दहातली दोन-तीन फुलं गेली असतील. पहाटे झाडावरच्या मोगऱ्याच्या कळ्या तोडल्या आणि मुंडावळ्या तेवढ्या त्याच्या झाल्या. मांडवात हार वर काढला तेव्हा नवऱ्याकडच्या एका म्हाताऱ्या गृहस्थानं तो हातात घेऊन उलटापालटा केला.

"कुणाची हो फुलं? आज पहाटेची दिसत्यात."

"मिरजेची," आण्णा म्हणाले.

दुसरं ते काय म्हणणार होते? विधवेच्या हातची फुलं नवऱ्याच्या गळ्यात पडली, हे भर मांडवात कोण सांगेल? आण्णांचं बहिणीवर जीवापाड प्रेम होतं, तिच्या शब्दाबाहेर ते नव्हते. तरीही तोंडातनं मिरजच निघाली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो, आत्ती दाराच्या आत. अक्षता पडत होत्या, वाजंत्री चालू होती. तिनं पदराला हात पुसले आणि मला ऐकू जाईल एवढंच म्हणाली, "मिरजेच्या फुलाला एवढा दम न्हाई."

पाचपरतावणाला बहीण आली तेव्हा मडक्यावरच्या अबोलीच्या वेणीचा रंग थोडा उतरला होता, पण वेणी शाबूत होती. आईनं ती तिच्या केसात माळली. आत्ती मागं होती.

पुढं मी शेती बघायला लागलो. आमच्या तालुक्यात कोंडिग्र्याच्या माळावर, जिथं पूर्वी कुसळ उगवत होतं, तिथं हरितगृहात गुलाब पिकायला लागले. ते बघून आम्हा बऱ्याच जणांच्या डोक्यात फूलशेती शिरली. तळेगाव दाभाड्याला प्रशिक्षण घेतलं आणि बँकेचं कर्ज काढून पॉलिहाऊस उभं केलं. जरबेरा कापायचा नसतो, देठ तळाशी धरून बाजूला वाकवून उपटायचा असतो. मग देठाचा खालचा दोन-तीन सेंटीमीटरचा कडक भाग छाटायचा, कारण तो पाणी ओढत नाही. प्रत्येक फुलाच्या तोंडाला प्लास्टिकची टोपी, पुठ्ठ्याच्या खोक्यात आडवी मांडणी आणि रात्रीच्या महालक्ष्मीनं नाहीतर ट्रॅव्हल्सनं मुंबई. सकाळी दादरच्या फूल बाजारात.

तळेगावला वर्गात बसलो असताना मला सारखी आत्ती आठवायची. सरांनी फळ्यावर काढलं : विटांच्या दोन भिंती, मधे ओली वाळू, वरनं गवताचं झाकण. शून्य ऊर्जा शीतकक्ष. दिल्लीच्या पुसा संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी बसवलेली रचना. पाणी वाफ होताना उष्णता ओढून घेतं, आतली हवा गार आणि दमट राहते. हवा जेवढी कोरडी तेवढं चांगलं चालतं, पावसाळ्यात त्याचा उपयोग नाही. मला आमचा न्हाणीमागचा बोळ दिसला. आत्तीही मृग लागला की डेरा पालथा घालून ठेवायची. मग सर इथिलीनवर आले. पिकणारी फळं हा वायू सोडतात, आंबा आणि केळं तर भरपूर. तो फुलाला लागला की पाकळ्या मिटतात, गळतात, कार्नेशन तर झोपल्यासारखं होतं. म्हणून फुलं आणि फळं एका खोलीत, एका फ्रिजमध्येही ठेवायची नाहीत. आंब्यापाशी फूल म्हातारं होतं, हे त्यांनी इंग्रजी शब्दांत सांगितलं. डाग पडलेलं फूल रोज काढायचं कारणही निघालं : नासतं फूलही तोच वायू सोडतं, वर बुरशी.

घरी येऊन मी हे आत्तीला सांगितलं. वाटलं होतं खूश होईल. ती शांतपणे म्हणाली, "मग त्येनी मला इचारायचं हुतं." आणि शेंगा फोडायला लागली.

माझ्याकडनं मात्र तिनं एक नवीन गोष्ट उचलली : देठाच्या फुलांची. लांब देठाचं फूल तिच्या काळात नव्हतंच. देठ तिरका कापायचा आणि तोही पाण्याखाली, म्हणजे नळीत हवा शिरत नाही. पाण्यात बुडणारी पानं काढून टाकायची. गुलाबाला खोल पाणी, जरबेऱ्याला चार बोटं, कारण त्याचा लवदार देठ जास्त पाण्यात कुजतो. लिटरभर पाण्यात चमचा-दीड चमचा साखर, तेवढाच लिंबाचा रस आणि कपडे पांढरे करायच्या औषधाचे थेंब. साखर फुलाचं जेवण, लिंबू आणि औषध पाणी नासू नये म्हणून. पाणी रोज बदलायचं. आत्तीला लिंबू-साखरेची फार गंमत वाटली. "सरबत की रं!" पॉलिहाऊसमधली वाकडी, न विकली जाणारी फुलं ती आणायची आणि प्रयोग करत बसायची. एक जरबेरा तिनं अकरा दिवस उभा केला होता.

२०२२ च्या मे महिन्याच्या सुरुवातीला, शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या दिवसांत, आमच्याच तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं ठराव केला : नवरा वारला म्हणून बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं हेरवाडचा कित्ता इतर गावांनी गिरवावा म्हणून परिपत्रक काढलं. पेपरात, टीव्हीवर सगळीकडं हेरवाड. माझ्या मुलीनं ती बातमी आत्तीला मोठ्यानं वाचून दाखवली. आत्ती शहात्तर वर्षांची. पूर्ण ऐकून घेतलं.

"बरं झालं," म्हणाली. मग थोड्या वेळानं, "बावन्न वरसं उशीर झाला तेवढा."

आमच्या गावात त्यावर पारावर चर्चा झाली, पुढं काही झालं नाही. पण मुलीच्या डोक्यात ते बसलं. त्या डिसेंबरात तिचं लग्न होतं, जयसिंगपूरच्या कार्यालयात. तिनं जाहीर केलं की हार घेऊन स्टेजवर आत्तीआजी येणार. माझी चुलतवहिनी लगेच म्हणाली, पाहुण्यांना काय वाटेल? दुसऱ्या एकीनं आडून सुचवलं, आत्तीलाच अवघडल्यासारखं होईल, कशाला म्हातारीला त्रास? चांगुलपणाच्या आवाजात सांगितलेला नकार फार जड असतो, तो परतवता येत नाही. मुलगी म्हणाली, "मी बोलतो त्यांच्याशी." (आमच्याकडच्या पोरी 'बोलतो'च म्हणतात.) मी म्हणालो, बोलायचं काही नाही. हार तिनं केलेत, तीच आणेल. वहिनी दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

आत्तीला विचारलं तेव्हा तिनं होय-नाही काहीच केलं नाही. विचारलं, "कार्यालयात एशी हाय का? एशीच्या वाऱ्यात फूल वाळतंय. हार झाकून न्यावं लागतील."

शेवंती आणि गुलाबाचे हार होते. बुट्टीत केळीचं पान, वर ओलं धोतर, असे ते तिच्या मांडीवर आमच्या गाडीतनं आले. आंतरपाट धरायच्या वेळी ती बुट्टी घेऊन स्टेजच्या पायऱ्या चढली. गुडघे दुखतात म्हणून एकेक पायरी, दोन पाय टेकत. पांढऱ्या केसांची, मोकळ्या कपाळाची बाई स्टेजवर आलेली बघून पुढच्या खुर्च्यांत जरा कुजबुज झाली. तिनं धोतर बाजूला केलं. हार उचलताना एका पाकळीला धक्का लागला नाही. नवऱ्या मुलाची आई शहरातली, तिनं सहज विचारलं, "किती ताजे आहेत! कुठून घेतले?"

आत्तीनं माझ्याकडं बघितलं. मी काहीच बोललो नाही.

"माझं हाईत," आत्ती म्हणाली.

बुके घेऊन येऊ नये असं पत्रिकेत छापूनही तीसेक आले. रात्री आत्तीनं ते सगळे ट्रॉलीत घालून घरी आणायला लावले. एका बुकेचा कागद सोडून ती आतला हिरवा ठोकळा दाबून बघत बसली. बोट लावलं की खड्डा पडायचा. १९५४ साली अमेरिकेत निघालेला हा फेस पाणी धरून ठेवतो, पण तो कधी कुजत नाही आणि एकदा वाळला की नीट भिजतही नाही. फूलवाल्यानं तो कोरडाच वापरला होता. "ह्यातनं फुलानं काय प्यावं, ढेकूळ?" म्हणत तिनं तीसच्या तीस बुके मोडले. कार्नेशन वेगळी, गुलाब वेगळे, जरबेरा वेगळा. तारा काढल्या, देठ परातीतल्या पाण्याखाली तिरके कापले, बादल्यांत सरबत घातलं. न्हाणीमागच्या बोळात सहा बादल्या उभ्या राहिल्या. केळीचा घड तिथं टांगलेला होता, तो आधी हलवला.

पाचपरतावणाला मुलगी-जावई आले तेव्हा बोळ नुसता फुलला होता. पाच-सहा जरबेऱ्यांनी माना टाकल्या होत्या, बाकी सगळं उभं. आणि बारक्या गळ्याच्या मडक्यावर, ओल्या कपड्याखाली, शेवंतीची वेणी. मुलीच्या आईनं ओवाळलं, वेणी माळायला हातात घेतली. मुलीनं ती मधोमध सोडवली. सोपट असल्यामुळं नुसतं ओढलं की सुटलं. अर्धी आपल्या केसात लावायला दिली आणि अर्धी घेऊन मागच्या बोळात गेली.

आत्ती म्हणाली, केस कुठं राहिल्यात, थांबणार कशावर? खरंच होतं, अंबाडा सुपारीएवढा. पहिल्यांदा लावली ती घसरली. चिमट्यानं लावली तर चिमटाच खाली आला. मग आत्तीनंच पोराला सांगून सोपटाची चीर मागवली आणि पुढं वाकून बसली. कसं बांधायचं ते मुलीला सांगत होती : आवळू नको, देठ गुदमरंल, नुसता येढा दे.

दिवसभर ती तशीच वावरली. वहिनी आल्या, बघितलं, काही बोलल्या नाहीत. चहा घेऊन गेल्या. संध्याकाळी पाहुण्यांची गाडी गेल्यावर आत्तीनं वेणी सोडली, दोन पिवळ्या पाकळ्या निवडून टाकल्या आणि ती परत मडक्याच्या गळ्याला बसवली. धोतर पाण्यात बुडवून घट्ट पिळलं आणि वरनं टाकलं.

"असू दे," म्हणाली. "उद्या बी लागंल."